सुटी प्रत

रॅन्समवेअर म्हणजे खंडणी वसूल करणारा प्रोग्रॅम. तो फाइली पळवत नाही, पुसतही नाही. त्या जागच्या जागी ठेवून त्यांना कुलूप घालतो आणि किल्लीचे पैसे मागतो. मोठ्या कंपन्यांवरच्या हल्ल्यांत माहिती आधी चोरायची आणि मग कुलूप घालायचे अशी दुहेरी रीत आता पडली आहे. घर, दुकान, शाळा किंवा लहान कार्यालय एवढ्यापुरते पाहिले, तर मुख्य नुकसान या कुलपाचेच असते.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरसारख्या गावातल्या एखाद्या फोटो स्टुडिओत हे कसे दिसेल? सकाळी संगणक नेहमीसारखा सुरू होतो. विंडोज चालते, इंटरनेट चालते. लग्नांचे फोल्डरही नवरा-नवरीच्या नावानिशी आणि तारखेनिशी जागेवर असतात. फक्त प्रत्येक फोटोच्या नावाला शेवटी चार अनोळखी अक्षरांचे शेपूट लागलेले असते आणि चिन्ह कोरे पडलेले असते. शेपूट खोडून पुन्हा ‘जेपीजी’ लिहिले तरी फोटो उघडत नाही. प्रत्येक फोल्डरात ‘रीडमी’ नावाची एक लहानशी मजकूर-फाइल नव्याने आलेली असते, आणि तीत दर लिहिलेला असतो. घरगुती संगणकांवर वर्षानुवर्षे सर्वाधिक आढळलेल्या ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ या जातीचा दर ९८० डॉलर होता. ७२ तासांत संपर्क साधला तर निम्मा, म्हणजे ४९० डॉलर. दुकानदारी सवलतीसुद्धा त्यांना ठाऊक आहेत.

कुलपाची रचना समजून घेतल्याशिवाय बॅकअपचे महत्त्व नीट कळत नाही. प्रोग्रॅम आधी एक किल्ली तयार करून तिने फाइली बंद करतो. मग ती किल्लीच हल्लेखोराच्या दुसऱ्या, ‘जाहीर’ किल्लीने बंद करून ठेवतो. चाप दाबला की बसणाऱ्या कुलपासारखे हे आहे: लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते, आणि उघडायची किल्ली या संगणकात कधी आलेलीच नसते. म्हणून नंतर अँटिव्हायरस चालवून प्रोग्रॅम निघतो, कुलूप निघत नाही. दुरुस्तीवाल्याकडे संगणक नेला तर तो ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो. त्याने संगणक सुरळीत होतो, फाइली मात्र कायमच्या जातात.

एक बारकावा इथेच सांगण्याजोगा आहे. डीजेव्हीयूला घाई असते, म्हणून तो प्रत्येक फाइलीचा फक्त सुरुवातीचा सुमारे १५० केबी भाग बंद करतो. त्यामुळे नगरपरिषदेला लिहिलेला ४० केबीचा अर्ज पुरता जातो, पण तीन तासांची लग्नाची चित्रफीत जाणकाराच्या हाती पडली तर तिचा बराच भाग परत मिळू शकतो. सगळ्या जातींना हे लागू नाही, आणि अशा उपकारावर विसंबून कोणी धंदा करू नये.

या प्रकाराचा इतिहास घरोघरी पोचलेल्या इंटरनेटपेक्षा जुना आहे. १९८९ मध्ये जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एड्सविषयक माहितीच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने जगभर पाठवल्या. ठरावीक वेळा संगणक सुरू झाला की फाइलींची नावे बदलली जात आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवण्याची मागणी पडद्यावर येई. ते कुलूप कच्चे होते, लवकरच उघडले गेले. पैसे घ्यायची वाटही अवघड होती, कारण टपालपेटीचा माग लागतो. पक्के कुलूप आणि माग काढायला अवघड वसुली या दोन गोष्टी एकत्र यायला २०१३ उजाडले. त्या वर्षी आलेल्या ‘क्रिप्टोलॉकर’ने बिटकॉइनमध्ये खंडणी घेतली, आणि तेव्हापासून हा रीतसर धंदा झाला.

महाराष्ट्राला त्याची ओळख मंत्रालयातून झाली. मे २०१६ मध्ये महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांतील सुमारे १५० संगणक ‘लॉकी’ या जातीने बंद पाडले. पुढच्याच वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला; ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती, म्हणजे ज्यांनी अपडेट पुढे ढकलले त्यांनी दोन महिने दार उघडे ठेवले. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ आला आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातले, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनल ठप्प झाले. २१ मार्च २०२१ च्या पहाटे एमआयडीसीच्या मुख्यालयातील सर्व्हरवर हल्ला झाला आणि राज्यभरातल्या प्रादेशिक कार्यालयांचे काम अडले. भूखंडापासून पाणीबिलापर्यंतची कामे त्याच यंत्रणेवर होती. महामंडळाचा काही बॅकअप मात्र क्लाउडवर, नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेला होता. तेवढा बाधित झाला नाही. ३१ जुलै २०२४ ला सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरल्यावर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने पहिली गोष्ट केली ती तिची जोडणी तोडण्याची. सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले, पण रोग पुढे गेला नाही.

या सगळ्या प्रकरणांतले सर्वांत बोलके उदाहरण मर्स्कचे आहे. जगभरातल्या कार्यालयांत कोणाला कोणत्या संगणकावर प्रवेश द्यायचा हे ठरवणारे कंपनीचे सुमारे १५० सर्व्हर होते. प्रत्येकावर तीच माहिती होती आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत होते. दीडशे प्रती म्हटल्यावर धास्ती कसली, असा हिशेब त्यामागे होता. सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने सगळे एकाच फटक्यात गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातला. आणि तो वाचला कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट सहज पटावी. त्या सर्व्हरची डिस्क ब्रिटनला न्यायची तर घानातल्या कर्मचाऱ्यांकडे व्हिसा नव्हता. म्हणून एकजण ती घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनला पोचली. तिच्या आधारे कंपनीने सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

बॅकअप या शब्दाने नेमके काय समजायचे, ते या गोष्टीतून स्पष्ट होते. मूळ फाइलीपासून सुटी असलेली प्रत म्हणजे बॅकअप. प्रतींची संख्या नंतर येते, सुटेपणा आधी.

आपल्याकडे संगणक घेताना विक्रेता हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतो आणि ‘महत्त्वाचे डी ड्राइव्हला टाका’ असे बजावतो. सल्ला चुकीचा नव्हता. विंडोज बिघडली, सी फॉरमॅट करावा लागला, तर डी वाचतो. रॅन्समवेअरला मात्र सी, डी, ई अशी सगळी दारे सारखीच दिसतात. यूएसबीला कायम खोचून ठेवलेली एक्सटर्नल डिस्क हे त्याच्या दृष्टीने आणखी एक अक्षर. कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकाचा शेअर केलेला फोल्डर हे आणखी एक. खुद्द विंडोज ज्या जुन्या प्रती गुपचूप राखते, त्या तर बहुतेक जाती कुलूप घालतानाच पुसून टाकतात.

क्लाउडबद्दल गैरसमज याहून मोठा आहे. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचा फोल्डर संगणकावर जोडलेला असेल, तर तिथे जे बदलते तेच वर जाते. फाइलीला कुलूप लागले की कुलूपबंद फाइलही इमानेइतबारे वर चढते आणि चांगल्या फाइलीची जागा घेते. याला समक्रमण म्हणतात, बॅकअप नव्हे. तरी या सेवांत एक खिडकी उघडी असते: फाइलीच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस राखलेल्या असतात, त्यामुळे वेळेत लक्षात आले तर मागे जाता येते. दहा हजार फोटो एकेक करून मागे नेणे म्हणजे काय, याची कल्पना मात्र आधीच असावी. शिवाय डीजेव्हीयूसारख्या जाती ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम बरोबर घेऊन येतात, म्हणून क्लाउडच्या खात्याला फोनवरच्या दुसऱ्या पडताळणीची कडी हवीच.

हा किडा गावात येतो कसा? बंदरांवर आणि मंत्रालयांवर येतो त्याच वाटांनी, पण लहान गावात एक वाट जास्त रुळलेली आहे: ‘क्रॅक’. अल्बम डिझाइनचे, पत्रिकेचे, हिशेबाचे महागडे सॉफ्टवेअर फुकट चालवण्यासाठी जी फाइल कुठून तरी उतरवली जाते, तिच्यासोबत येणारी पहिलीच सूचना ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते. पाहुण्याने घराचे दार उघडे ठेवायला सांगावे आणि यजमानाने ठेवावे, तसा हा प्रकार. बाकीच्या वाटा ओळखीच्या आहेत: कुरिअरचे किंवा बिलाचे सोंग घेतलेली ईमेल, तिला जोडलेली झिप फाइल, आणि दूरवरून संगणक चालवण्यासाठी उघडी ठेवून सोपा पासवर्ड दिलेली सोय.

काय जपायचे, हा प्रश्न ‘कसे जपायचे’च्या आधी सोडवावा, नाहीतर लोक अख्खा संगणक कॉपी करू पाहतात आणि कंटाळून सोडून देतात. विंडोज आणि प्रोग्रॅम पुन्हा टाकता येतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो, आधार आणि अनेक गुणपत्रिका डिजिलॉकरमधून मिळतात, बँकेचा उतारा बँक देते. ज्याची दुसरी प्रत सरकारकडे वा बँकेकडे नाही, तेच खरे जोखमीचे: घरच्यांचे फोटो, आजोबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, शिक्षकाने दहा वर्षांत जमवलेल्या प्रश्नपत्रिका, आले-हळदीच्या व्यापाऱ्याचा टॅलीतला हिशेब, वकिलाचे दावे, अर्धवट लिहिलेले नाटक. वसंत कानेटकरांचा जन्म रहिमतपूरचा. आज त्या गावात कोणी नाटक लिहू लागले तर ते कागदावर नव्हे, लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर असेल, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह.

टॅलीचा डेटा डोळ्यासमोर नसतो, तो वेगळ्या फोल्डरात बसतो. म्हणून प्रोग्रॅममधलीच बॅकअपची सोय वापरून तयार झालेली फाइल बाहेर काढावी. छपाईच्या आणि डीटीपीच्या दुकानांत आणखी एक पेच आहे. श्रीलिपी किंवा तशा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला तर नुसती अक्षरांची खिचडी दिसते. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर पंधरा वर्षांच्या पत्रिका वाचल्या असे म्हणता येत नाही. तेव्हा कोरलड्रॉच्या फाइलींबरोबर फॉन्टचा फोल्डरही उचलावा. मोबाइलमधल्या फोटोंचे दुखणे वेगळे, ते रॅन्समवेअरपेक्षा पाण्यात पडण्याने आणि चोरीने अधिक जातात. पण महिन्यातून एकदा तेही याच डिस्कवर उतरवले म्हणजे एका फेरीत दोन्ही कामे होतात.

जगभर जो नियम सांगितला जातो तो ३-२-१ चा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला. हा नियम एखाद्या संगणकतज्ज्ञाऐवजी फोटोवाल्याकडून आला, यात नवल नाही. गेलेले लग्न पुन्हा भरवता येत नाही हे फोटोवाल्याइतके कोणाला कळणार? घरगुती आणि छोट्या धंद्याच्या पातळीवर हा नियम दोन एक्सटर्नल डिस्क आणि एक क्लाउड खाते एवढ्यात बसतो.

दोन डिस्क घ्यायच्या, त्यांवर मार्करने ‘अ’ आणि ‘ब’ लिहायचे. एक दुकानाच्या कपाटात, दुसरी घरी. आठवड्याचा दिवस ठरलेला हवा, आणि त्यासाठी आठवडे बाजाराचा दिवस उत्तम, कारण तो कोणी विसरत नाही. त्या दिवशी ‘अ’ जोडायची, नव्या फाइली उतरवायच्या, काढायची, घरी न्यायची आणि घरची ‘ब’ दुकानात आणायची. पुढच्या बाजारी ‘ब’. जोडलेली असेल तेवढा वेळ डिस्क धोक्यात असते, म्हणून दोन्ही एकाच वेळी कधीही जोडायच्या नाहीत. कॉपी सुरू करण्याआधी चार-पाच फाइली उघडून पाहायच्या. संगणकात आधीच कुलपे लागू लागली असतील तर ती तिथेच दिसतात, आणि चांगल्या प्रतीवर बिघडलेली प्रत चढत नाही.

वेळेचा अंदाज असलेला बरा. जुन्या यूएसबी २.० मधून सेकंदाला साधारण ३५ एमबी जातात, म्हणजे ५०० जीबीला चार तास. यूएसबी ३.० ला तेच काम दीड तासात उरकते. तेवढेच २० एमबीपीएस अपलोडच्या जोडणीवरून क्लाउडला चढवायचे तर दोन दिवसांहून जास्त. म्हणून जड माल डिस्कवर आणि हलका, रोज बदलणारा माल क्लाउडवर ही वाटणी व्यवहाराला धरून आहे. पहिली फेरीच लांबते. नंतर फक्त नव्या-बदललेल्या फाइली जातात. विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ ही सोय त्यासाठी आहे. पेन ड्राइव्ह हे साधन ने-आण करण्यापुरते. जुन्या पेन ड्राइव्हची मांडणी ‘फॅट-३२’ असेल तर ४ जीबीहून मोठी चित्रफीत त्यावर चढतच नाही, आणि तो हरवतो तर नेहमीच. उलट, ज्या डीव्हीडीला आता कोणी विचारत नाही, तिच्यात एक गुण आहे: एकदा लिहिलेली डीव्हीडी-आर कोणालाच बदलता येत नाही, रॅन्समवेअरलाही नाही. अल्बमच्या खिशात पडून असलेली ४.७ जीबीची ती चकती फेकण्याआधी एकदा चालवून पाहावी.

दुसऱ्या जागेचे महत्त्व सातारा-सांगलीकडच्या लोकांना समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. दुकानात संगणक आणि त्याच्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क, अशी ज्यांची व्यवस्था होती त्यांची दोन्ही एकाच पाण्यात गेली. रहिमतपूरला पुणे-मिरज मार्गावरचे रेल्वे स्टेशन आहे. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा सणाला येतो तेव्हा तिसरी एक डिस्क त्याच्या पिशवीतून परत पाठवणे, ही दुसऱ्या जागेची सर्वांत स्वस्त सोय. डिस्क बाहेर जाणार असेल तर तिला स्वतःचे कुलूप, म्हणजे पासवर्ड घालावा, आणि तो पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असावा. पासवर्ड विसरलेली डिस्क आणि रॅन्समवेअरने बंद केलेली डिस्क यांत मालकापुरता काहीच फरक नसतो.

बॅकअप घेतला की काम संपले असे समजले जाते, आणि नेमके तिथेच फसते. कधी डिस्कवर फोल्डरऐवजी फोल्डरचा शॉर्टकटच कॉपी झालेला असतो, कधी आपोआप चालणारे काम चार महिन्यांपूर्वी जागा भरल्यामुळे बंद पडलेले असते आणि तसे सांगणारी खिडकी रोज कोणीतरी न वाचता बंद करत असते. यावर उपाय एकच: तीन-चार महिन्यांतून एकदा ती डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावून दोन फोटो, एक जुना हिशेब आणि एक चित्रफीत उघडून पाहणे. ३१ मार्च हा दिवस २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. ज्याने तो ठरवला त्याला पतसंस्थेतली वर्षअखेर ठाऊक नसावी; त्या दिवशी तिथे कोणाला श्वास घ्यायलाही सवड नसते. एप्रिलचा पहिला रविवार बरा.

हल्ला झालाच तर क्रम महत्त्वाचा. आधी इंटरनेटची तार काढायची किंवा वाय-फाय बंद करायचे, जोडलेल्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह उपसायचे. खंडणीच्या चिठ्ठीचा मोबाइलने फोटो काढायचा. १९३० या क्रमांकावर किंवा केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. घाबरून बॅकअपची डिस्क लगेच जोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण प्रोग्रॅम अजून आतच असतो. पैसे देण्याचा मोहही आवरावा. दिल्यावर किल्ली येईलच अशी हमी कोणी देत नाही, आणि नॉटपेट्याच्या बाबतीत तर किल्ली देण्याची सोयच नव्हती. खंडणी हे नुसते सोंग होते, हेतू नासधुशीचा.

नंतर कुलूपबंद डिस्क काढून बाजूला ठेवायची, नव्या डिस्कवर विंडोज टाकायची, सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलायचे, आणि सर्वांत शेवटी बॅकअप जोडायचा. जुनी डिस्क फॉरमॅट मारून पुन्हा वापरण्याची घाई करू नये. डच पोलीस, युरोपोल आणि दोन संगणक-सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात, आणि यादीत भर पडत असते. त्याच वर्षी मे महिन्यात ‘टेस्लाक्रिप्ट’वाल्यांनी आपली मुख्य किल्ली स्वतःहून जाहीर केली होती. ‘शेड’ चालवणाऱ्यांनी तर एप्रिल २०२० मध्ये माफी मागून साडेसात लाखांहून अधिक किल्ल्या उघड केल्या. डिस्कवर तारीख आणि त्या चार अक्षरांचे शेपूट लिहून ती कपाटात ठेवावी, आणि अधूनमधून यादी पाहावी.